शब्दाचं शेपूट बघा, मग सही करा

(सामुदायिक रेडिओवरील भाषण, आटपाडी)

 

आजचा विषय आहे इंग्रजी शब्दांचं शेपूट. शाळेच्या पुस्तकात याला प्रत्यय म्हणतात. काही जणी म्हणतील, "आता या वयात इंग्रजी व्याकरण कशाला?" पण बचत गटाचा कर्जाचा फॉर्म, बँकेचा चेक, डाळिंबाच्या गाडीची बिल्टी, फवारणीच्या बाटलीवरची चिठ्ठी, मोबाईलवर आलेला मेसेज, हे सगळं आपल्या हातात येतं. त्यातला निम्मा मजकूर इंग्रजीत असतो. त्या कागदावर पैसे देणारी बाजू आपली की घेणारी, हे पुष्कळदा शब्दाच्या शेवटच्या दोन-तीन अक्षरांत लिहिलेलं असतं. ती अक्षरं ओळखता आली, तर अख्खं इंग्रजी न शिकताही बरंच काही कळतं.

प्रत्यय आपल्याला नवे नाहीत

आधी आपल्या मराठीकडे बघू. 'माडगूळ' हे गावाचं नाव. त्याला 'कर' जोडलं की 'माडगूळकर' झालं, म्हणजे गावावरून माणूस. गीतरामायण लिहिणारे ग. दि. माडगूळकर १९१९ साली आपल्या शेटफळ्यात जन्मले, पण आडनावात गाव राहिलं माडगूळ. ते काम त्या 'कर' या दोन अक्षरांनी केलं.

'कर्ज' म्हणजे पैसा. 'कर्जदार' म्हणजे तो पैसा घेतलेला माणूस. 'ठेव' आणि 'ठेवीदार', 'जामीन' आणि 'जामीनदार', 'दुकान' आणि 'दुकानदार' हेही तसंच. 'दार' लागलं की वस्तूचा माणूस होतो. 'पाटील'ला 'की' लावली की 'पाटीलकी' होते, म्हणजे माणसाचं काम किंवा पद होतं. 'शिवणे'पासून 'शिलाई' होते, 'कमावणे'पासून 'कमाई'. आपल्या भागातली कितीतरी घरं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. त्या 'गलाई'तही हेच 'आई' शेपूट आहे. गाळण्याचं काम ते गलाई.

आपण तर इंग्रजी शब्दांनाही मराठी शेपूट लावून मोकळ्या होतो. 'ड्रायव्हर'ची 'ड्रायव्हरकी' केली. 'डॉक्टर'ची 'डॉक्टरीण' केली. कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. कुठलं शेपूट लावलं की काय होतं, हे कानाला माहीत होतं.

इंग्रजीत हेच चालतं. फक्त त्यांची शेपटं वेगळी आहेत. त्यातली सात-आठ आज आपण ओळखून घेऊ.

करणारा कोण? 'ई आर' आणि 'ओ आर'

शब्दाच्या शेवटी 'ई आर' किंवा 'ओ आर' दिसलं की बहुतेक वेळा तो काम करणारा असतो. 'टीच' म्हणजे शिकवणं, 'टीचर' म्हणजे शिकवणारी. 'ड्राइव्ह' म्हणजे चालवणं, 'ड्रायव्हर' म्हणजे चालवणारा. 'कंडक्टर', 'टेलर', 'डिपॉझिटर' ही सगळी याच घरातली.

करणारा नेहमी माणूसच असेल असं नाही. मिक्सर मिसळतो, ग्राइंडर दळतो, ट्रॅक्टर ओढतो. 'कुकर'ची तर गंमतच आहे. 'कुक' म्हणजे स्वयंपाक करणारं माणूस आणि 'कुकर' म्हणजे भांडं. मुलांच्या परीक्षेत हा प्रश्न हमखास चुकतो, तेव्हा घरी एकदा विचारून बघा.

ज्याच्या वाट्याला येतं तो कोण? 'ई ई'

आता महत्त्वाचं शेपूट. शब्दाच्या शेवटी दोन 'ई' लागोपाठ आले, की तो बहुतेक वेळा घेणारा असतो, किंवा ज्याच्याबाबत ते काम होतं तो असतो. ट्रेनर शिकवते आणि ट्रेनी शिकते. एम्प्लॉयर कामाला ठेवतो आणि एम्प्लॉयी कामाला राहतो.

जमिनीचं खरेदीखत किंवा गहाणखत तुम्ही ऐकलं असेल. त्यात 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' अशा दोन बाजू असतात. इंग्रजी कागदात हेच काम ही दोन शेपटं करतात. 'ओ आर' म्हणजे देणार, 'ई ई' म्हणजे घेणार. एवढं एक वाक्य पाठ करा, कारण पुढचं सगळं त्यावरच चालतं.

इंग्रजीत हे 'ई ई' आलं कुठून? १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढं सुमारे तीनशे वर्षं तिथल्या कोर्टकचेऱ्यांत फ्रेंच भाषेचा दबदबा होता. कायद्याच्या कागदात 'ई ई' शिरलं ते तेव्हापासून. आपल्याकडं दरबारात फारसी होती, म्हणून 'जामीनदार', 'मामलेदार', 'हवालदार' यांचं 'दार' आलं. कचेरीची भाषा रयतेची नसली की कागद परका होतो. हे दुखणं फक्त आपलंच नाही.

चेकवरची तीन माणसं

आता चेक समोर घ्या. आपल्या देशात चेकचा कायदा १८८१ सालचा आहे. त्यात तीन नावं येतात. चेक लिहून सही करणारी ती 'ड्रॉअर'. ज्या बँकेला तो हुकूम दिला ती 'ड्रॉई'. ज्याला पैसे मिळणार तो 'पेयी'. गटाच्या खात्याचा चेक अध्यक्ष आणि सचिवांनी सही करून खतवाल्या दुकानदाराला दिला, तर ड्रॉअर आपला गट, ड्रॉई आपली बँक आणि पेयी तो दुकानदार.

चेकवर नावाच्या ओळीपुढं 'ऑर बेअरर' असं छापलेलं असतं. 'बेअर' म्हणजे वाहून आणणं आणि 'बेअरर' म्हणजे घेऊन येणारा. म्हणजे चेकवर नाव कुणाचंही असो, जो तो चेक घेऊन खिडकीवर आला त्याला पैसे देता येतात. चेक वाटेत पडला, कुणाला सापडला, तर काय होईल याचा विचार करा.

म्हणून चेक देताना डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारायच्या आणि मध्ये 'अकाउंट पेयी' लिहायचं. 'ऑर बेअरर'वर काट मारायची. मग पैसे त्या पेयीच्या खात्यातच जमा होतात, कुणाच्या हातात रोख पडत नाहीत. बेअरर आणि पेयी या दोन शब्दांतला फरक असा पैशाएवढा मोठा आहे. तारखेपासून तीन महिन्यांच्या आत चेक बँकेत भरावा लागतो, हेही ध्यानात ठेवा.

बिल्टी, गहाणखत आणि भाडेपट्टा

आटपाडीचं डाळिंब लांबलांबच्या बाजारात जातं. गाडी भरली की ट्रान्सपोर्टवाला बिल्टी देतो. तिच्यावर 'कन्साइनर' आणि 'कन्साइनी' असे दोन रकाने असतात. माल पाठवणारा तो कन्साइनर, म्हणजे आपण. ज्याच्या नावानं माल उतरणार तो कन्साइनी, म्हणजे तिकडचा आडत्या किंवा व्यापारी. दोन नावांची अदलाबदल झाली, तर माल कुणाचा यावरून वाद उभा राहू शकतो. गाडी हलायच्या आधी दोन्ही रकाने वाचून घ्या.

जमीन भाड्यानं दिली तर देणारा 'लेसॉर' आणि घेणारा 'लेसी'. सोलरवाल्याला, टॉवरवाल्याला किंवा दुकानासाठी जागा दिली, तर आपण लेसॉर.

गहाणाच्या शब्दात मात्र पुष्कळांची गल्लत होते. बँकेनं कर्ज दिलं, म्हणून बँक देणारी असं आपल्याला वाटतं. पण इथं शब्द कर्जाचा नाही, गहाणाचा आहे. गहाण कोण देतं? आपण. म्हणून 'मॉर्गेजर' आपण आणि 'मॉर्गेजी' बँक. शेपूट कुठल्या शब्दाला लागलंय, हे आधी बघायचं. मग देणारा-घेणारा आपोआप कळतो.

'गॅरंटर' म्हणून सही करण्याआधी

आता ज्या शब्दानं घरं अडचणीत येतात, त्याकडं येऊ. 'गॅरंटर'. शेवटी 'ओ आर' आहे, म्हणजे देणारा. काय देणारा? हमी. मराठीत जामीनदार.

जाऊबाई म्हणतात, "नुसती सही कर गं, तुला काही भरायचं नाही." शेजारीण म्हणते, "साक्षीदार म्हणून नाव घालते." पण कागदावर तुमच्या नावाखाली काय छापलंय ते बघा. 'विटनेस' असेल तर साक्षीदार. 'गॅरंटर' असेल तर जामीनदार. साक्षीदारानं सही होताना पाहिली, एवढंच त्याचं काम. जामीनदाराचं तसं नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणं, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. म्हणजे हप्ते थकले तर बँक थेट तुमच्याकडंही पूर्ण रक्कम मागू शकते.

तसाच एक शब्द 'को-बॉरोअर'. 'बॉरो' म्हणजे उसनं घेणं आणि 'बॉरोअर' म्हणजे घेणारा. इथं 'ई आर' हे उसनं घेण्याच्या कामाला लागलंय, म्हणून कर्ज घेणारा तो बॉरोअर. पुढचं 'को' म्हणजे सह. को-बॉरोअर म्हणून सही केली, तर तुम्ही स्वतःच कर्जदार झालात, मग पैसे कुणीही वापरलेले असोत.

सही करू नका असं मी म्हणत नाही. गटात एकमेकींना आधार द्यावाच लागतो, त्याशिवाय गट चालत नाही. पण आपण साक्षीला उभ्या आहोत की जामीन राहतोय, हे माहीत असून सही करावी.

'नॉमिनी' म्हणजे मालक नव्हे

'नॉमिनेट' म्हणजे नाव नेमणं. 'नॉमिनी'च्या शेवटी 'ई ई' आहे, म्हणजे जिचं नाव नेमलं ती. खातेदार गेल्यावर बँक नॉमिनीच्या हातात पैसे देते. इथपर्यंत सोपं आहे.

पण शेपूट फक्त 'नेमलेली' एवढंच सांगतं, 'मालकीण' असं सांगत नाही. बँकेच्या खात्यात नॉमिनी ही वारसांच्या वतीनं पैसे ताब्यात घेणारी विश्वस्त असते. त्या पैशावर हक्क कायदेशीर वारसांचा असतो. नॉमिनी स्वतः वारस असेल तर तिचा वाटा तिला मिळतोच. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शेअरच्या एका खटल्यात हेच पुन्हा सांगितलं, की नॉमिनी झाल्यानं मालकी मिळत नाही.

याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्या. नवऱ्याच्या खात्यावर दिराचं नाव नॉमिनी म्हणून असलं, तरी बायको-मुलांचा वारसाहक्क त्यामुळं जात नाही. आणि आपल्या पश्चात पैसा ठरावीक माणसालाच मिळावा असं वाटत असेल, तर नुसतं नॉमिनेशन पुरत नाही, मृत्युपत्र करावं लागतं. तरीही नॉमिनी लावाच, कारण त्यामुळं बँकेतून पैसे लवकर सुटतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात.

झालं की व्हायचंय? 'ई डी' आणि 'आय एन जी'

आता मोबाईलवरच्या मेसेजकडं वळू. शेवटी 'ई डी' असलं की बहुधा काम झालेलं असतं. 'अप्रूव्ह्ड' म्हणजे मंजूर झालं. 'रिजेक्टेड' म्हणजे नामंजूर झालं. 'एक्स्पायर्ड' म्हणजे मुदत संपली. 'आय एन जी' असलं की काम अजून चालू आहे किंवा अडकलंय. 'पेंडिंग' म्हणजे पडून आहे, 'प्रोसेसिंग' म्हणजे चाललंय.

कर्जाच्या बाबतीत 'सँक्शन्ड' आणि 'डिसबर्स्ड' हे दोन वेगळे टप्पे आहेत. सँक्शन्ड म्हणजे कर्ज मंजूर झालं. डिसबर्स्ड म्हणजे पैसे प्रत्यक्ष वाटले गेले. मंजुरीचा मेसेज आला म्हणून लगेच शेळ्यांचा सौदा पक्का करू नका. पैसे खात्यात दिसू द्या.

'क्रेडिटेड' म्हणजे खात्यात जमा झाले, 'डेबिटेड' म्हणजे खात्यातून गेले. पण याच शब्दांचं शेपूट बदललं की माणूस उभा राहतो. 'क्रेडिटर' म्हणजे धनको, ज्याचं आपण देणं लागतो तो. 'डेटर' म्हणजे ऋणको, देणं असलेला. क्रेडिटेड वाचून आनंद होतो, पण क्रेडिटरच्या यादीत सावकाराचं नाव असतं. मूळ शब्द एकच आहे, शेपटानं पारडं फिरवलं. आणि एक सांगते, क्रेडिटेड लिहिलेला मेसेज कुणीही पाठवू शकतं. खरं-खोटं पासबुकावरूनच ठरवायचं.

आणखी एक मोठं कुटुंब आहे. 'शन', 'मेंट' आणि 'अल' ही शेपटं कामाचं नाव तयार करतात, जसं आपलं 'शिवणे'चं 'शिलाई'. रजिस्टर करणं ते रजिस्ट्रेशन. पे करणं ते पेमेंट. पैसे काढणं म्हणजे विथड्रॉ आणि त्या कामाचं नाव विथड्रॉअल. पैसे काढायच्या स्लिपवर हाच शब्द असतो. मुदत ठेव पुढं चालू ठेवली की रिन्यूअल. यांना घाबरायचं कारण नाही, शेपूट झाकलं की आतला साधा शब्द दिसतो.

'ए बी एल ई' आणि 'एल ई एस एस'

शेवटी 'ए बी एल ई' असलं की 'तसं करण्याजोगं' किंवा 'तसं करायचं' असा अर्थ होतो. 'वॉशेबल' म्हणजे धुता येण्याजोगं. 'रिफंडेबल' म्हणजे परत मिळण्याजोगं. वीजबिलावर 'पेएबल' दिसलं तर ती भरायची रक्कम.

'रिफंडेबल'च्या पुढं 'नॉन' लागलं की उलटं होतं, पैसे परत मिळणार नाहीत. क्लासची फी, गाडीचं बुकिंग, कर्जाची प्रोसेसिंग फी यांच्या पावतीवर बारीक अक्षरांत 'नॉन-रिफंडेबल' छापलेलं असतं. पैसे मोजायच्या आधी ते शोधा.

'एल ई एस एस' हे शेपूट आपल्या भागाला अनोळखी नाही. तासगावची 'थॉम्पसन सीडलेस' द्राक्षं कुणाला माहीत नाहीत? सीड म्हणजे बी आणि सीडलेस म्हणजे बिनबियांचं. आपण 'बिन' पुढं लावतो आणि ते 'लेस' मागं लावतात. एक ध्यानात ठेवा, 'लेस' एकटं आलं तर 'कमी' असा अर्थ होतो, पण शेपूट म्हणून आलं तर 'अजिबात नाही' असा. दवाखान्यात 'कॅशलेस' म्हटलं तर योजनेत बसणाऱ्या उपचाराला रोख भरायची नाही. मात्र योजनेत काय बसतं आणि काय नाही, हे भरती होतानाच विचारून घ्यावं.

बाटलीवरचं शेपूट: 'सी आय डी ई'

आता शेतात चला. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ बाटल्यांवर शेवटी 'साइड' असतं. त्याची अक्षरं 'सी आय डी' आणि पुढं 'ई'. टीव्हीवरची सीआयडी आठवा, मग विसरणार नाही. या शेपटाचा अर्थ मारणारा, म्हणजे आपल्याकडचं 'नाशक'. कुणाला मारणारा ते शब्दाच्या सुरुवातीला असतं.

इन्सेक्टिसाइड म्हणजे कीटकनाशक. फंगिसाइड म्हणजे बुरशीनाशक. बॅक्टेरिसाइड म्हणजे जिवाणूनाशक. वीडिसाइड किंवा हर्बिसाइड म्हणजे तणनाशक. आणि पेस्टिसाइड हे सगळ्यांना मिळून दिलेलं नाव.

डाळिंबवाल्या घरांना हे फार कामाचं आहे. तेल्या रोग जिवाणूमुळं होतो. मर रोगामागं बहुतेक वेळा बुरशी असते. मावा आणि फुलकिडे हे कीटक आहेत. म्हणजे तिघांचे वैरी वेगळे. दुकानदारानं हातात कुठलीही बाटली दिली, तरी शब्दाचा पुढचा भाग आणि आपल्या बागेतलं दुखणं जुळतं का, एवढं तरी विचारता येतं. नक्की काय आणि किती फवारायचं, ते कृषी सहायकाला विचारूनच ठरवा.

सगळ्यात धोक्याची गल्लत तणनाशकाची. वीडिसाइड ओळखता आलं नाही आणि ते बागेवर मारलं गेलं, तर तणाबरोबर झाडही जळतं. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा. बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो तोही बघा. लाल म्हणजे अति विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरव्यालाही निर्धास्त हात लावायचा नसतो.

दवाखान्यातलं शेपूट: 'आय टी आय एस'

हे लक्षात ठेवायला आणखी सोपं. पोरं जिथं शिकायला जातात ते 'आयटीआय', त्याला 'एस' जोडा. उच्चार 'आयटिस'. अर्थ दाह, सूज. टॉन्सिलायटिस म्हणजे टॉन्सिलला सूज. आर्थ्रायटिस म्हणजे सांध्यांना सूज. हेपाटायटिस म्हणजे यकृताला सूज. गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराला सूज.

जनावरांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'मस्टायटिस' लिहिलं, तर तो कासेचा दाह. मराठी नावही बघा, 'कासदाह'. तिथंही 'दाह' शेवटीच आलाय. हे शेपूट कुठं सूज आहे ते सांगतं, कशानं आली ते सांगत नाही. म्हणून चिठ्ठी वाचता आली तरी औषध आपल्या मनानं द्यायचं नाही.

फसवी शेपटं

प्रत्येक शेपूट खरं बोलत नाही. 'पेपर', 'वॉटर', 'डिसेंबर' यांच्या शेवटी 'ई आर' आहे, पण ते काही करणारे नाहीत. 'कॉफी'च्या शेवटी दोन 'ई' आहेत, पण ती कुणाकडून काही घेत नाही. 'गॅरंटी' हा घेणारा नाही, ती हमीच आहे. 'प्राइसलेस' म्हणजे बिनकिमतीचं, म्हणजे फुकटचं नव्हे, तर जिचं मोल करता येत नाही अशी अमोल वस्तू.

आणि एक जिवावरचं. डिझेल-पेट्रोलच्या टँकरमागं 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. पुढचं 'इन' बघून कुणाला वाटेल, 'न पेटणारं'. अर्थ बरोबर उलटा आहे, झटकन पेटणारं. म्हणून शेपटावरून अंदाज करा, पण पैशाचं, औषधाचं आणि आगीचं काम असेल तर विचारून खात्री करा.

मराठीत मागायचा हक्क

शेपूट ओळखणं हा आपला दुसरा आधार. पहिला आधार म्हणजे कागद आपल्या भाषेत मागणं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी घरगुती आणि छोट्या धंद्यांच्या मुदत कर्जासाठी एक माहितीपत्रक द्यायचं असतं. त्याला 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' म्हणतात. त्यात व्याज, सगळे आकार आणि हप्ते लिहिलेले असतात, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असायला हवं. मायक्रोफायनान्सच्या कर्जाचा करारही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावा, असा नियम २०२२ पासून आहे. वसुलीचा साहेब घाई करत असेल तर शांतपणे म्हणा, "दादा, मराठीतला कागद द्या, वाचून सही करते."

ठेव ठेवतानाही एक शब्द विचारा, 'इन्शुअर्ड' आहे का? शेवटी 'ई डी', म्हणजे विमा उतरवलेला. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागं एका बँकेत पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पाटी सारखीच दिसते, पण आतला फरक मोठा आहे.

गटाच्या बैठकीत करून बघा

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला एक इंग्रजी कागद आणा. पासबुक, वीजबिल, जुनी बिल्टी, दवाखान्याची चिठ्ठी, काहीही चालेल. फवारणीची रिकामी बाटली मात्र आणू नका, तिच्याबरोबर मिळालेलं माहितीपत्रक आणा. मग एकेकीनं शेपटाखाली पेनानं रेघ मारायची. 'ओ आर', 'ई ई', 'ई डी', 'ए बी एल ई', 'एल ई एस एस', 'सी आय डी ई', 'आय टी आय एस'. ज्या शब्दाचं कोडं सुटणार नाही तो वहीत लिहून ठेवायचा.

घरातल्या मुलींना सोबत घ्या. २००० सालापासून आपल्या राज्यात इंग्रजी पहिलीपासून आलं, त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीला यायचं. पोरींना अक्षरं आपल्यापेक्षा चांगली येतात, पण जामीन राहणं म्हणजे काय हे त्यांना माहीत नसतं. त्या अक्षर वाचतील, तुम्ही व्यवहार सांगा. दोघींचंही शिक्षण होईल.

वहीत लिहून ठेवलेले शब्द आपल्या रेडिओच्या पत्त्यावर कळवा. पुढच्या भाषणात त्यातलेच घेऊ. तोवर एवढंच ध्यानात असू द्या, शेवटी 'ओ आर' तो देणार, 'ई ई' तो घेणार. कागदाच्या तळाशी बोट ठेवून सही करण्याआधी त्याच बोटानं आपल्या नावाखालचा शब्द एकदा तपासा.